कागदाचं ‘येदेनास्तका’: एक पोलिश विमान, अमेरिकन प्रिंटर आणि कोल्हापूर

अमेरिकेत बसून पोलंडचं जुनं लढाऊ विमान कागदातून बनवायचं म्हटलं, की पहिली अडचण कात्रीची नसते, प्रिंटरची असते. पोलिश आराखडे ए-४ कागदावर बेतलेले असतात, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. आपल्या घरातल्या प्रिंटरमध्ये असतो ‘लेटर’ कागद, २१६ बाय २७९. रुंदीला थोडा जास्त, उंचीला पावणेदोन सेंटिमीटरने कमी. मग संगणक अगदी मदतीच्या भावनेने ‘फिट टु पेज’ सुचवतो, आपण ‘हो’ म्हणतो, आणि सगळे भाग गुपचूप ९४ टक्क्यांवर येतात. १:३३ चं मॉडेल १:३५ चं झालं तर बिघडलं कुठे, असं वाटेल. बिघडतं. सांगाड्याच्या खाचा एक मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यासाठी काढलेल्या असतात. खाच आकसते, पुठ्ठ्याची जाडी मात्र तेवढीच राहते. तिसऱ्या संध्याकाळी सांगाडा एकमेकांत बसत नाही तेव्हा आपण आराखड्याला नावं ठेवतो.

उपाय सोपा आहे. ‘लीगल’ आकाराचा कागद आणा, २१६ बाय ३५६ मिलिमीटर. त्यावर ए-४ चं पान आरामात मावतं. प्रिंट ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ने काढा आणि पानावर छापलेली मोजपट्टी खऱ्या पट्टीला लावून बघा. ती जुळली की मगच पुढे.

कागदाचं वजन हा दुसरा गोंधळ. पोलिश लोक ग्रॅममध्ये बोलतात: दर चौरस मीटरला १६० ते २०० ग्रॅम. इथल्या दुकानात लिहिलेलं असतं ‘६५ पाउंड कव्हर’ किंवा ‘११० पाउंड इंडेक्स’. ११० म्हणजे ६५ च्या जवळजवळ दुप्पट जाड असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पहिला साधारण १७६ ग्रॅमचा, दुसरा साधारण १९९ चा. हा पाउंड म्हणजे ५०० मोठ्या तावांचं वजन, आणि कव्हरचा ताव वेगळ्या मापाचा, इंडेक्सचा वेगळ्या. (इंच-पाउंडाच्या या देशात आल्यावर आपल्या सगळ्यांचं थोडंफार असंच होतं.) बाहेरच्या सालीसाठी ६५ पाउंड कव्हर घ्या. आतल्या सांगाड्यासाठी सीरियलचे रिकामे खोके उत्तम. त्यांचा पुठ्ठा साधारण अर्धा मिलिमीटर असतो, दोन थर चिकटवून वजनाखाली रात्रभर ठेवले की एक मिलिमीटर झाला.

विमान कुठलं आणि तेच का

आपण बनवतोय ते पी.झेड.एल. पी-११ सी. पोलिश माणसं त्याला लाडाने ‘येदेनास्तका’ म्हणतात, म्हणजे ‘अकरा नंबरवालं’. पंखांचा पसारा १०.७२ मीटर, लांबी ७.५५ मीटर. १:३३ मध्ये पसारा साडेबत्तीस सेंटिमीटर आणि लांबी तेवीसच्या आतबाहेर. डिनर प्लेटपेक्षा थोडं मोठं, म्हणजे अपार्टमेंटमधल्या पुस्तकांच्या कपाटावर सहज राहील असं.

१:३३ हे माप पोलिश कागदी मॉडेलवाल्यांचं घरचं माप आहे. ‘मावी मोडेलाश’ (छोटा मॉडेलकार) नावाचं मासिक तिथे १९५७ मध्ये सुरू झालं. अंक म्हणजेच मॉडेल: विकत घ्या, कापा, चिकटवा. प्लॅस्टिकचे किट मिळणं अवघड आणि महाग होतं, त्या काळात हे काही पैशांत मिळे, आणि पिढ्यान् पिढ्या मुलं त्यावर वाढली. आपल्याकडे दिवाळीत कामट्या, घोटीव कागद आणि खळ घेऊन आकाशकंदील करणारी घरं होती ना, तसंच काहीसं. फरक एवढाच, की तिकडे तो वर्षभराचा उद्योग झाला आणि त्याची हळूहळू एक अतिशय काटेकोर कला बनली. आजच्या पोलिश आराखड्यांत एका विमानाचे कित्येकदा हजाराच्या घरात भाग असतात. सुरुवातीला तसला आराखडा घेऊ नका. येदेनास्तकाचे साधे आराखडेही निघालेले आहेत.

आता हे विमान वेगळं का, ते सांगतो. त्याचा पंख बघा. समुद्रपक्षी उडताना पंख जसे खांद्यापाशी वर उचलून पुढे आडवे करतो, तसा तो आहे. हे डोकं झिग्मुंत पुवाव्स्की या तरुण इंजिनिअरचं. १९०१ चा जन्म. त्या काळी बहुतेक लढाऊ विमानांना दोन मजली पंख असत आणि वैमानिकाला समोरचं धड दिसत नसे. पुवाव्स्कीने एकच पंख ठेवला, तो वर घेतला, आणि धडाला जिथे जोडला जातो तिथे तो पातळ करून खाली वाकवला. बाहेर, जिथे खालून टेकू येतो तिथे पंख सगळ्यात जाड. ताण जिथे जास्त तिथे धातू जास्त, नजर जिथून जाते तिथे कमी. जगभर त्याला ‘पोलिश पंख’ किंवा ‘पुवाव्स्की पंख’ म्हणू लागले.

पी-१ हे त्याचं पहिलं विमान १९२९ मध्ये उडालं. त्यातून पी-६ आणि पी-७ निघाली. पी-७ आल्यावर, १९३३ च्या सुमारास, पोलंडचं लढाऊ दल संपूर्णपणे धातूच्या, एकपंखी विमानांवर गेलं. जगात असं करणारा तो पहिला देश. हे वाक्य परत वाचा, कारण १९३९ च्या गोष्टी सांगताना लोक पोलंडला नेहमी ‘मागासलेला’ म्हणून मोकळे होतात.

क्लीव्हलँडजवळ राहणाऱ्यांसाठी: १९३१ च्या नॅशनल एअर रेसेसमध्ये बोलेस्वाव ओर्लिन्स्की हा पोलिश वैमानिक पी-६ घेऊन तुमच्याच गावी आला होता, आणि त्याने प्रेक्षकांना या पंखाची करामत दाखवली होती. पुवाव्स्की ते बघायला नव्हता. त्याच वर्षी २१ मार्चला वॉर्सामध्ये, स्वतःच बनवलेल्या पी.झेड.एल.-१२ या पाण्यावर उतरणाऱ्या विमानाच्या अपघातात तो गेला. वय तीसच्या आत. पी-११ त्याच्यामागे इतरांनी पूर्ण केलं. वैमानिकाला समोरचं आणखी नीट दिसावं म्हणून ‘सी’ आवृत्तीत इंजिन थोडं खाली घेतलं आणि वैमानिकाची बैठक वर उचलली. तुमच्या हातातल्या आराखड्यात नाक जरा खाली झुकलेलं दिसतं, ते त्यामुळे.

कागद वाकतो, ताणला जात नाही

कागदी मॉडेलचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. संत्र्याची साल टेबलावर सपाट पसरायला जा, ती फाटते. उलट सपाट कागदाचा गोळा करायला गेलात तर सुरकुत्या पडतात. गाउसने एकोणिसाव्या शतकात हे गणिताने सिद्ध केलं. पण नळकांडं आणि शंकू मात्र सपाट कागदातून हुबेहूब होतात, भेळेच्या पुडीसारखे. म्हणून आराखडा काढणारा माणूस विमानाचं धड शंकूंच्या तुकड्यांत तोडतो. नाकापासून शेपटीपर्यंत एकामागे एक पुड्या, प्रत्येक थोडी निमुळती. जिथे गोलाई दोन्ही दिशांना आहे, उदाहरणार्थ इंजिनाच्या कड्याची कड किंवा चाकाची खोळ, तिथे पाकळ्या पाडाव्या लागतात.

येदेनास्तकाची गंमत अशी, की त्याचं खरं अंगही पत्र्याचं होतं आणि पत्राही एका दिशेने वाकायलाच राजी असतो. पंखावर तर बारीक नळ्यानळ्यांचा पत्रा होता. त्या रेघा आराखड्यावर छापलेल्या असतात. सुकलेलं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी घेऊन, खाली मासिक ठेवून, त्या रेघा हलक्या हाताने दाबून काढा. दीड तास जातो आणि मान दुखते. पण उजेड तिरका पडला की पंख कागदाचा वाटत नाही. हे काम कापण्याआधी करायचं, नंतर नाही.

कागदाला ‘धागा’ असतो, हेही ध्यानात ठेवा. कारखान्यात लगदा एका दिशेने वाहतो आणि तंतू त्या दिशेला लागतात. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, एका बाजूला तो मऊ जाईल. नळी गुंडाळताना नळीची लांबी धाग्याच्या दिशेने यायला हवी. उलट केलंत तर बारीक चिरा पडतात, आणि त्या लपवता येत नाहीत.

आणखी एक छोटा हिशोब. साधारण ०.२ मिलिमीटर जाडीच्या कागदाची नळी केली आणि दोन नळ्या जोडायला आतून पट्टी लावली, तर ती पट्टी बाहेरच्या घेराएवढी कापून चालत नाही. त्रिज्या ०.२ ने कमी झाली म्हणजे घेर दोन पाय गुणिले ०.२, म्हणजे सव्वा मिलिमीटरने कमी. तेवढा तुकडा कापला नाही तर पट्टीची टोकं एकमेकांवर चढतात आणि बाहेरून टेंगूळ दिसतं. सांगाड्याच्या चकत्यांचंही तेच. कोरड्या बसवून बघा, गरज पडली तर नेलफाइलने घासून कमी करा. साल घट्ट बसवायच्या नादात चकती मोठी ठेवली, तर प्रत्येक चकतीच्या जागी बरगडी उठते आणि विमान उपाशी दिसतं.

डिंक म्हणून पांढरा, फेविकॉलच्या जातीचा गोंद चालतो. फक्त तो बाटलीतून थेट लावायचा नाही. एका झाकणात थेंब काढा, पाच मिनिटं घट्ट होऊ द्या आणि टूथपिकने लावा. पाणी जास्त झालं की कागद फुगतो. घरचा प्रिंटर इंकजेट असेल तर शाई पाण्याने पसरते, त्यामुळे कापण्याआधी पानावर पारदर्शक मॅट स्प्रेचे दोन हलके हात द्या, गॅलरीत उभं राहून. आणि कापलेल्या प्रत्येक भागाची पांढरी कड जलरंगाने रंगवा. नवशिक्याचं आणि सरावलेल्याचं मॉडेल ओळखायची हीच खूण आहे. कडा पांढऱ्या राहिल्या की विमान खोक्यासारखं दिसतं.

इंजिन हा वेळखाऊ भाग. ब्रिस्टल मर्क्युरी, नऊ सिलिंडर, पोलंडमध्ये परवान्याने बनवलेलं. प्रत्येक सिलिंडर म्हणजे टूथपिकवर गुंडाळलेली कागदाची पट्टी, आणि तिच्यावर काळा शिवणाचा दोरा शेजारी शेजारी गुंडाळायचा, की थंडाव्यासाठीच्या पात्या झाल्या. नऊ वेळा. हे करताना एखादा लांबलचक पॉडकास्ट ऐकता येतो, असं आम्ही निःस्वार्थपणे सुचवतो.

चाकांचे पाय पुवाव्स्कीच्याच डोक्यातले: कात्रीसारखे एकमेकांना छेदणारे, आणि धक्के झेलणारी यंत्रणा धडाच्या आत लपवलेली. त्यामुळे ते दिसायला नाजूक आहेत. नुसत्या कागदाचे केले तर महिन्याभरात विमान बसतं. आत पातळ तार घाला.

बोधचिन्हातले तेरा तारे

आता विमान कुठल्या तुकडीचं करायचं ते ठरवा, कारण बाजूवरचं चित्र त्यावर ठरतं. अमेरिकेत राहणाऱ्याने १११ वी तुकडी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्या महायुद्धानंतर पोलंड आणि सोव्हिएत रशिया यांच्यात युद्ध पेटलं, तेव्हा काही अमेरिकन वैमानिक स्वखुशीने पोलंडच्या बाजूने लढायला गेले. सेड्रिक फॉन्टलरॉय आणि मेरियन कूपर हे त्यांतले पुढारी. त्यांनी तुकडीला नाव दिलं कोश्चुश्कोचं. ज्या पोलिश इंजिनिअरने अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात वेस्ट पॉइंटची तटबंदी उभारली, त्याचं ऋण फेडायचं म्हणून. एलियट चेस नावाच्या अमेरिकन वैमानिकाने बोधचिन्ह काढलं: अमेरिकेच्या मूळ तेरा वसाहतींचे तारे आणि पट्टे, त्यावर पोलिश शेतकऱ्याची लाल टोपी आणि एकमेकांना छेदणारी दोन विळ्यासारखी पाती. कोश्चुश्कोच्या १७९४ च्या उठावात शेतकरी तीच पाती काठीला सरळ बांधून लढले होते. कूपर रशियनांच्या हाती सापडला, कैदेतून निसटला, आणि १९३३ मध्ये त्याने ‘किंग काँग’ काढला. एम्पायर स्टेट बिल्डिंगवर माकडाला गोळ्या घालणाऱ्या विमानात तो स्वतः बसलेला आहे.

ते चिन्ह १९३९ मध्ये १११ व्या तुकडीच्या येदेनास्तकांवर होतं. पुढच्या वर्षी ते ब्रिटनमध्ये ३०३ स्क्वॉड्रनच्या हरिकेन विमानांवर गेलं. फिलाडेल्फियात कोश्चुश्कोचं घर आहे. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यातलं ते सगळ्यात छोटं ठिकाण. वॉशिंग्टनला गेलात तर व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट चौकात त्याचा पुतळाही आहे.

पंखावरच्या लाल-पांढऱ्या चौकटीची मात्र काळजी घ्या. पोलिश हवाई दलाने १९९३ मध्ये या चौकटीतल्या रंगांची अदलाबदल केली. इंटरनेटवरून आजचं चिन्ह उचलून १९३९ च्या विमानावर डकवलंत, तर तुमच्याकडे आलेला एखादा पोलिश पाहुणा काही बोलणार नाही, पण त्याला ते दिसेल.

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने हल्ला केला तेव्हा हे विमान जुनं झालं होतं. ताशी ३७५ ते ३९० किलोमीटर वेग. मेसरश्मिटची नवी आवृत्ती साडेपाचशेच्या वर जात होती, आणि काही जर्मन बॉम्बरसुद्धा येदेनास्तकाला मागे टाकत होते. चटका लावणारी गोष्ट अशी, की याच घराण्यातलं सुधारलेलं पी-२४ पोलंडने तुर्कस्तान, ग्रीस वगैरे देशांना विकलं होतं. स्वतःसाठी त्याहून आधुनिक विमान बनवायचं म्हणून थांबले, आणि ते वेळेत झालंच नाही. ‘पोलिश विमानं पहिल्याच दिवशी जमिनीवरच नष्ट झाली’ ही कथा तुम्ही कुठेतरी वाचलेली असेल. ती खोटी आहे. लढाऊ तुकड्या आधीच आडबाजूच्या मैदानांवर हलवलेल्या होत्या आणि त्या हवेत लढल्या. क्राकोव्हजवळ म्येचिस्वाव मेद्वेत्स्की हा तुकडीप्रमुख उड्डाण करताक्षणी मारला गेला. त्याच्याच बरोबर उडालेल्या व्वादिस्वाव ग्निशने स्वतःचं विमान वाचवलं, आणि थोड्याच वेळाने पाडलेल्या दोन डॉर्निअर विमानांचं श्रेय त्याला मिळालं. पुढे तो कॅनडात स्थायिक झाला.

१७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य घुसलं. इथून ही गोष्ट आपल्याकडे वळते.

पूर्व पोलंडमधली लाखो माणसं १९४० पासून मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवली गेली. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटल्यावर त्यांतल्या काहींना सुटता आलं. ती इराणमार्गे बाहेर पडली, आणि त्यांतली सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. शाळा, चर्च, नाटकं, स्काउट, सगळं पोलिश. आजारी माणसांसाठी पाचगणीलाही सोय होती. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांची आठवण म्हणून स्तंभ आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सामधल्या कोल्हापूर स्मारकाला भेट दिली, ती याच लोकांमुळे. पोलिश गेल्यावर त्याच बराकींत फाळणीत घर गमावलेले सिंधी आले. आज ते गांधीनगर. तुमच्या आईने किंवा मावशीने लग्नाच्या साड्या तिथून घेतल्या असण्याची शक्यता बरीच आहे.

याला एक अमेरिकन धागाही आहे. जून १९४३ मध्ये ‘हर्मिटेज’ हे अमेरिकन नौदलाचं जहाज मुंबईहून सुमारे सातशे पोलिश निर्वासितांना घेऊन लॉस एंजेलिसच्या सॅन पेद्रो बंदराला लागलं. अमेरिकेने त्यांना इथे राहू दिलं नाही. पहाऱ्यात ठेवून रेल्वेने मेक्सिकोत, लिऑन शहराजवळच्या सांता रोसा वसाहतीत पाठवलं. तारे आणि पट्टे असलेलं ते बोधचिन्ह कापताना हे मला आठवल्याशिवाय राहत नाही. वळिवड्याला पाच वर्षं जागा मिळाली, कॅलिफोर्नियात महिनाही नाही.

खरं येदेनास्तका जगात एकच उरलं आहे, क्राकोव्हच्या विमान संग्रहालयात. जर्मनांनी ते पकडून बर्लिनमध्ये प्रदर्शनात ठेवलं, बॉम्बहल्ले वाढल्यावर पूर्वेला हलवलं, आणि युद्ध संपताना ते पोलिशांना सापडलं. ते १२१ व्या तुकडीचं आहे, म्हणजे ग्निशच्या तुकडीचं. तुमच्या आराखड्यात तोही पर्याय असेल, आणि फोटो बघून बनवायला तो सोपा, कारण प्रत्यक्ष विमान समोर आहे. वरच्या खाकी रंगाची नेमकी छटा कोणती, यावर मात्र मॉडेलवाले भांडतच असतात. तपकिरीकडे झुकणारी हिरवट छटा घ्या, खालून फिकट निळा, आणि वाद त्यांना घालू द्या.

प्रोपेलर सगळ्यात शेवटी लावा, नाहीतर हाताळताना तोच मोडतो. लाकडी, दोन पात्यांचा होता. चार थर चिकटवून, ओला असतानाच हलका पीळ द्या. मॉडेल थेट उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, इंकजेटचा लाल रंग पहिल्याच उन्हाळ्यात उडतो. आणि कोल्हापूरला कुणाला भेट म्हणून न्यायचं असेल तर पंख धडाला कायमचे चिकटवू नका. आडव्या तारेवर सरकणारे ठेवा, बुटांच्या खोक्यात कागदाचे बोळे घालून केबिन बॅगेत न्या, आणि पावसाळा टाळा. तिकडच्या जुलैच्या हवेत कागद मऊ पडतो, मग पंखाचा बाक राहत नाही.